उत्पत्तीचे पुस्तक आणि खानदेशचा कातळ

बायबलच्या पहिल्या पुस्तकाचे नाव ‘उत्पत्ती’. देवाने सहा दिवसांत आकाश, पृथ्वी, वनस्पती, प्राणी आणि शेवटी माणूस निर्माण केला व सातव्या दिवशी विसावा घेतला, असे त्याच्या आरंभी सांगितले आहे. आधुनिक विज्ञानाचा हिशेब वेगळा आहे. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे, पृथ्वीचे सुमारे ४५४ कोटी वर्षे आणि आजच्या मानवजातीचे जवळपास तीन लाख वर्षे आहे, असे ते सांगते. देवावर मनापासून विश्वास ठेवणाऱ्या माणसाला हा हिशेबही मनापासून मान्य करता येईल का, हा प्रश्न दोन शतकांहून अधिक काळ विचारला जात आहे.

जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांत हा प्रश्न पायाखालच्या जमिनीशी जोडलेला आहे. खानदेश ज्या काळ्या कातळावर वसला आहे, तो पृथ्वीच्या इतिहासातील एका प्रचंड घटनेचा पुरावा आहे. याच भूमीवर सुमारे शतकभरापासून मराठी बायबल वाचणाऱ्या मंडळ्या नांदत आहेत. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव या भागात अलायन्स मिशनने, तर धुळे, नवापूर या पश्चिम पट्ट्यात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने काम उभे केले. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या नवापूर तालुक्यात मावची आणि भिल्ल समाजातील अनेक कुटुंबे ख्रिस्ती आहेत. या घरांतील मुलांना शाळेत दख्खनच्या पठाराचा भूगोल शिकावा लागतो आणि रविवारी उत्पत्तीचा पहिला अध्याय ऐकायला मिळतो. दोन्ही धडे त्यांनी एकमेकांशी कसे जोडावेत, याचे नीट उत्तर त्यांना मिळायला हवे.

उत्पत्तीत नेमके काय आहे

पहिल्या अध्यायाची रचना अतिशय रेखीव आहे. पहिल्या दिवशी प्रकाश, दुसऱ्या दिवशी वरचे व खालचे पाणी वेगळे करणारे अंतराळ आणि तिसऱ्या दिवशी कोरडी भूमी व वनस्पती निर्माण होतात. चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र व तारे, पाचव्या दिवशी जलचर व पक्षी आणि सहाव्या दिवशी पशू व मानव येतात. पहिल्या तीन दिवसांत जागा तयार होतात आणि पुढच्या तीन दिवसांत त्याच क्रमाने त्या जागांचे रहिवासी येतात. प्रकाशाला सूर्य-चंद्र, पाणी व आकाशाला मासे व पक्षी, भूमीला पशू व माणूस. ठरलेली वाक्ये पुन्हा पुन्हा येतात, प्रत्येक दिवस संध्याकाळ व सकाळ यांच्या उल्लेखाने संपतो. ही घडण उपासनेत मोठ्याने म्हणायच्या गद्यस्तोत्रासारखी आहे.

दुसऱ्या अध्यायात निर्मितीचा आणखी एक वृत्तांत आहे आणि त्याचा क्रम वेगळा आहे. तिथे पाऊस न पडलेली कोरडी जमीन आहे. देव आधी मातीतून माणूस घडवतो, मग एदेन बाग लावतो, त्यानंतर पशुपक्षी घडवतो आणि शेवटी स्त्री निर्माण करतो. पहिल्या अध्यायात वनस्पती व प्राणी माणसाच्या आधी येतात, दुसऱ्यात माणसानंतर. ज्यांनी हे दोन वृत्तांत शेजारी शेजारी ठेवले, त्यांना हा फरक दिसला नसेल असे समजणे कठीण आहे. त्यांनी दोन्ही राखले, कारण घटनांची रोजनिशी देणे हा त्यांचा हेतूच नव्हता.

हेतू काय होता, हे शेजारच्या संस्कृतींच्या कथा वाचल्या की स्पष्ट होते. एकोणिसाव्या शतकात निनवे येथील उत्खननात मातीच्या पाट्यांवर कोरलेले बाबेली साहित्य हाती आले आणि १८७६ मध्ये जॉर्ज स्मिथ याने त्यातील सृष्टिकथा प्रसिद्ध केली. त्या कथेत मार्दुक हा देव तिआमत या आदिमायेला ठार करून तिच्या शरीरातून आकाश व पृथ्वी बनवतो आणि मारलेल्या एका देवाच्या रक्तातून देवांची चाकरी करण्यासाठी माणूस घडवला जातो. त्या जगात सूर्य आणि चंद्र हेही देव होते. उत्पत्तीत युद्ध नाही, रक्त नाही. सूर्य-चंद्र तिथे आकाशात लावलेले दिवे आहेत आणि त्यांची नावेसुद्धा घेतलेली नाहीत. माणूस कुणाचा गुलाम म्हणून जन्मत नाही, स्त्री व पुरुष दोघेही देवाचे प्रतिरूप आहेत. इस्राएली लोक बाबेलमध्ये बंदिवासात होते त्या इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकाच्या आसपास हा अध्याय आजच्या रूपात आला, असे अनेक अभ्यासक मानतात. पराभूत आणि परागंदा लोकांना या अध्यायाने दिलेला धीर ध्यानात घेतला, तर त्याची थोरवी खडकांच्या वयावर अवलंबून राहत नाही.

इसवी सनापूर्वी ४००४ हा आकडा

पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे असे बायबलमध्ये कुठेही लिहिलेले नाही. हा आकडा वंशावळींतील वर्षांची बेरीज करून काढलेला आहे. आयर्लंडचा आर्चबिशप जेम्स उशर याने १६५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निर्मितीचे वर्ष इसवी सनापूर्वी ४००४ आणि जलप्रलयाचे वर्ष इसवी सनापूर्वी २३४८ असे ठरवले. अठराव्या शतकाच्या आरंभापासून इंग्रजी बायबलांच्या समासात या तारखा छापल्या जाऊ लागल्या आणि समासातला मजकूर हळूहळू शास्त्रवचनाइतकाच पवित्र वाटू लागला. वास्तविक उशरचे गणित हे अनेक गणितांपैकी एक होते. यहुदी पंचांगात निर्मिती इसवी सनापूर्वी ३७६१ मध्ये धरतात, तर जुन्या ग्रीक भाषांतरातील वंशावळींची बेरीज केली की ती त्याहून दीड हजार वर्षांहून अधिक मागे जाते.

आरंभीच्या ख्रिस्ती विचारवंतांपुढे भूविज्ञान नव्हते, तरी त्यांनी सहा दिवस सरधोपटपणे घेतले नाहीत. सूर्यच चौथ्या दिवशी निर्माण झाला, तर त्याआधीचे तीन दिवस कसे मोजले, असा प्रश्न तिसऱ्या शतकात ओरिगेनने विचारला. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीनने उत्पत्तीवर मोठे भाष्य लिहिले. देवाने सर्व काही एका क्षणात निर्माण केले आणि सहा दिवसांची मांडणी माणसाला समजावे म्हणून आहे, असे त्याचे मत होते. त्याने एक इशाराही दिला. आकाश, तारे, प्राणी यांविषयी परधर्मीयांना पक्की माहिती असते. अशा विषयांवर ख्रिस्ती माणूस शास्त्राचा आधार सांगून चुकीचे बोलू लागला, तर ऐकणाऱ्याचा पुनरुत्थानावरही विश्वास बसणार नाही, असे तो म्हणतो. हा इशारा डार्विनच्या सुमारे साडेचौदाशे वर्षे आधीचा आहे.

अशी दृष्टी केवळ ख्रिस्ती परंपरेत नव्हती. चाळीसगाव तालुक्यातील पाटणादेवी हे स्थान भास्कराचार्यांच्या परंपरेशी जोडलेले आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाचा शिलालेख तिथे सापडला. भास्कराचार्य या बाराव्या शतकातील धर्मनिष्ठ ज्योतिर्विदाने गोलाध्यायात पृथ्वीला खालून कुणाचाही आधार नाही असे युक्तिवादाने दाखवले आणि आधाराची पौराणिक कल्पना बाजूला ठेवली. त्यासाठी त्यांना धर्म सोडावा लागला नाही.

खानदेशचा कातळ काय सांगतो

दख्खनचे पठार लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहिला आणि त्यातील बहुतेक भाग दहा लाख वर्षांच्या किंवा त्याहूनही कमी अवधीत साचला. आज शिल्लक असलेले त्याचे क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे आणि सह्याद्रीत थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरहून अधिक भरते. धुळे व नंदुरबार भागात पूर्व-पश्चिम पसरलेल्या, दुरून दगडी तटबंदीसारख्या दिसणाऱ्या लांब कातळरांगा आहेत. भेगांत शिरलेला लाव्हा तिथेच थिजला, भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि या भिंती उघड्या पडल्या. भूवैज्ञानिक त्यांना डाइक म्हणतात.

कातळ वाचायला शिकले की त्यातील काळ दिसू लागतो. लाव्हाच्या दोन थरांमध्ये अनेक ठिकाणी विटेसारख्या तांबड्या मातीचा पट्टा असतो. खालचा थर थंड झाला, ऊन-पावसाने त्याचा वरचा भाग कुजून माती झाली आणि मग पुढचा लाव्हा त्यावर पसरला, असा त्याचा अर्थ. काही ठिकाणी दोन थरांमध्ये तळ्यातला गाळ, गोड्या पाण्यातील शंख आणि झाडांचे जीवाश्म सापडतात. म्हणजे उद्रेकांच्या मधल्या काळात तिथे तळी होती, झाडे होती, गोगलगाई होत्या. लाव्हातील वायूचे बुडबुडे पोकळ राहिले आणि पुढे गरम पाणी त्यांतून झिरपत राहिल्याने त्यांत स्फटिक वाढले. जळगाव परिसरातील अपोफिलाईट व स्टिल्बाईट यांचे असे स्फटिक जगभरचे संग्राहक जपून ठेवतात. कातळाची झीज होऊन काळी कसदार माती झाली. तापीने तिच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर पसरले आणि त्याच गाळावर आज रावेर-यावलच्या केळीच्या बागा उभ्या आहेत.

वय मोजण्याची रीत समजायला अवघड नाही. काही मूलद्रव्यांचे अणू ठरावीक वेगाने दुसऱ्या मूलद्रव्यात बदलत राहतात. पोटॅशियम-४० या अणूंची संख्या निम्मी व्हायला १२५ कोटी वर्षे लागतात आणि त्यांतील काहींचा आर्गॉन वायू बनतो. लाव्हा थिजला की आर्गॉन खडकात अडकू लागतो. किती पोटॅशियम उरले आणि किती आर्गॉन साचला हे मोजले की खडक कधी थिजला ते कळते. थरांच्या मधल्या मातीत सापडणाऱ्या झिरकॉनच्या सूक्ष्म कणांतील युरेनियम आणि त्यापासून बनलेले शिसे मोजून वेगळ्या वाटेने तेच वय काढता येते. दोन स्वतंत्र पद्धती एकाच उत्तरापाशी येतात, तेव्हा त्या उत्तराला बळ येते.

मानवी इतिहासाचा पुरावाही याच भूमीत आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये उत्खनन केले. तिथे अश्मयुगातील दगडी हत्यारे, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेषांची नक्षी कोरलेला कवचाचा तुकडा मिळाला. कवचातील किरणोत्सारी कार्बनवरून त्यांचे वय सुमारे २५,००० वर्षे ठरले. खानदेशात तेव्हा शहामृग होते आणि त्यांच्या कवचातून मणी घडवणारी, रूप आणि नक्षी यांची जाण असलेली माणसे होती. ४००४ हा आकडा धरून बसले तर या माणसांना इतिहासात जागा उरत नाही.

नागपूरचा मिशनरी, दख्खनचा भूवैज्ञानिक

महाराष्ट्रात या दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यात कशा नांदल्या, याचे ठळक उदाहरण स्टीफन हिस्लॉप यांचे आहे. १८१७ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेले हिस्लॉप फ्री चर्चचे मिशनरी म्हणून १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली, उपदेश केला, गोंड समाजाच्या भाषेचा व चालीरीतींचा अभ्यास केला. फिरतीवर असताना ते दगड आणि जीवाश्म गोळा करत. सहकारी मिशनरी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूरचनेवर व जीवाश्मांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. नागपूरजवळच्या टाकळी येथे लाव्हाच्या थरांमधील गाळात त्यांना गोड्या पाण्यातील शंखांचे आणि वनस्पतींचे जीवाश्म मिळाले. कामठी व सिलेवाडा येथील वालुकाश्मातून त्यांनी प्राचीन वनस्पतींचे ठसे जमवले. मांगली येथून पाठवलेल्या एका उभयचराच्या कवटीचे वर्णन लंडनचे विख्यात शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी केले.

आपल्या लेखनात हिस्लॉप यांनी प्रत्येक थर भूवैज्ञानिक युगांत बसवला. सहा हजार वर्षांत कोंबण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. त्यांचे सगळे अंदाज टिकले असेही नाही. दख्खनचा लाव्हा त्यांनी तृतीयक युगाच्या आरंभीचा मानला होता. आज तो डायनोसोरांच्या युगाच्या अखेरीस सुरू होऊन तृतीयक युगाच्या उंबरठ्यापर्यंत वाहिला असे मानतात. ही दुरुस्ती पुढच्या पुराव्याने झाली आणि तसेच व्हायला हवे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील दगडी वर्तुळांची पाहणी करून परतताना पूर आलेल्या पात्रात बुडून हिस्लॉप यांचा मृत्यू झाला. शेवटच्या दिवसापर्यंत ते मिशनरीच होते. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे आहे.

हिस्लॉप एकटे नव्हते. त्यांच्या चर्चचे संस्थापक थॉमस चामर्स यांनी पृथ्वीचे प्रदीर्घ वय १८१४ मध्येच मान्य केले होते. त्याच चर्चमधील ह्यू मिलर हा गवंडीकाम करत करत जीवाश्मांचा नामवंत अभ्यासक झाला. इकडे १८४२ मध्ये अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनने सुरू केलेले ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक धर्मविचाराबरोबर भूगोल, खगोल आणि पदार्थविज्ञान यांची माहिती मराठी वाचकांना देत होते. पौराणिक भूगोल तपासायला त्यातून विज्ञानाची कसोटी लावली जाई. तीच कसोटी आपल्या ग्रंथाला लावायची वेळ आली तर ती टाळता येणार नाही, हे त्याच्या ख्रिस्ती वाचकांनाही मान्य करणे भाग होते.

जुळवणीच्या वाटा

उत्पत्ती आणि विज्ञान यांचा मेळ घालण्याचे प्रयत्न मुख्यतः पाच वाटांनी झाले.

पहिली वाट चामर्स यांची. उत्पत्तीच्या पहिल्या आणि दुसऱ्या वचनांच्या मध्ये अगणित काळ गेला, सारे जीवाश्म त्या काळातले, आणि मग सहा दिवसांत पृथ्वी नव्याने सजवली गेली, असे ही वाट मानते. पण सगळे जुने जीवन संपून नवे एकदम सुरू झाल्याची रेघ खडकांत कुठेही सापडत नाही.

दुसरी वाट मिलर यांची. प्रत्येक दिवस म्हणजे एक प्रदीर्घ युग. देवाच्या दृष्टीने हजार वर्षे एका दिवसासारखी, या बायबलमधील विचाराचा तिला आधार वाटतो. अडचण क्रमाची आहे. उत्पत्तीत फळझाडे सूर्याच्या आधी आणि पक्षी जमिनीवरील प्राण्यांच्या आधी येतात, जीवाश्मांत मात्र पक्षी जमिनीवरील सरपटणाऱ्या प्राण्यांनंतर दिसतात.

तिसरी वाट सहा दिवसांना साहित्याची चौकट मानते. जागा आणि रहिवासी ही जोडरचना लेखकाने मुद्दाम योजली, ती अर्थाची मांडणी आहे, कालक्रमाची नाही, असे विसाव्या शतकातील अनेक बायबल अभ्यासकांचे म्हणणे आहे. मूळ मजकुराच्या घडणीशी ही वाट सर्वांत प्रामाणिक राहते आणि ऑगस्टीनच्या विचाराशी तिचे नाते आहे.

चौथी वाट तिच्याच पुढची. देवाने सृष्टीला घडण्याचे सामर्थ्य दिले आणि उत्क्रांती ही त्याच्या निर्मितीची रीत आहे, असे ती सांगते. डार्विनचा अमेरिकन मित्र, वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याने हे मत मांडले. मानवी जनुकसंचाचा नकाशा तयार करणाऱ्या प्रकल्पाचे नेतृत्व केलेले फ्रान्सिस कॉलिन्स यांचेही हेच मत आहे.

पाचवी वाट मेळाचीच नाही. सहा दिवस चोवीस तासांचेच, पृथ्वी काही हजार वर्षांचीच आणि खडकांचे थर नोहाच्या जलप्रलयात साचले, असे ती म्हणते. ही परंपरागत श्रद्धेची जुनी भूमिका आहे असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तिचे आजचे रूप विसाव्या शतकातले आहे. जॉर्ज मॅक्रेडी प्राइस यांच्या १९२३ च्या ग्रंथातून आणि व्हिटकॉम व मॉरिस यांच्या १९६१ च्या पुस्तकातून ते घडले आणि अमेरिकेतून जगभरच्या मंडळ्यांत पसरले. हे मानणाऱ्यांच्या मनात देवाच्या वचनाविषयी खोल आदर असतो आणि एक वचन सुटले तर सगळेच सुटेल अशी भीतीही असते. त्या आदराचा मान राखूनच त्यांच्या दाव्याची तपासणी व्हायला हवी.

जलप्रलयाचा दावा आणि खानदेशचा पुरावा

तपासणीसाठी खानदेशहून सोयीची जागा क्वचितच मिळेल. लाव्हा पाण्याखाली वाहिला तर त्याचे उशांसारखे गोल गठ्ठे बनतात. दख्खनच्या थरांत असे गठ्ठे अगदी मोजक्या ठिकाणी आहेत, बहुतेक लाव्हा उघड्या जमिनीवर पसरलेला आहे. एका वर्षाच्या महापुरात थर साचले असते तर त्यांच्या मध्ये माती बनायला, तळी भरायला, झाडे वाढायला आणि शंखांच्या पिढ्या जगायला अवसर मिळाला नसता. उशरच्या गणिताने जलप्रलयाचे वर्ष इसवी सनापूर्वी २३४८ येते. त्या काळात सिंधू संस्कृतीची नगरे भरभराटीत होती आणि पुढेही काही शतके सलग नांदत राहिली. तापीकाठच्या सावळदा या गावावरून नाव मिळालेली ताम्रपाषाणयुगीन संस्कृती त्यानंतर लवकरच खानदेशात दिसते, धुळे जिल्ह्यातील कवठे येथे तिची वस्ती उत्खननात मिळाली. सर्व मानवजात बुडून पुन्हा एका कुटुंबातून पसरल्याची खूण या कालक्रमात नाही.

मेसोपोटेमियाच्या सपाट खोऱ्यात मोठे पूर येत आणि तिथल्या गिलगामेश काव्यातही प्रलयाची कथा आहे. नोहाची कथा त्याच आठवणींच्या जगातली आहे. तिचा गाभा माणसाच्या हिंसेवर देवाने केलेला न्याय आणि सर्व जिवंत प्राण्यांशी त्याने केलेला करार हा आहे. खडकांच्या थरांचे स्पष्टीकरण तिच्याकडून मागितले तर तिचा गाभाच नजरेआड होतो.

उत्क्रांती आणि देवाचे प्रतिरूप

पृथ्वीचे वय मान्य करणारे पुष्कळ ख्रिस्ती वाचक माणसापाशी येऊन थांबतात. जीवाश्म आणि जनुके दोन्ही सांगतात की माणूस व इतर वानरवर्गीय प्राणी यांचे पूर्वज एक आहेत. चिंपांझीत वेगळी असलेली दोन गुणसूत्रे माणसात जोडली जाऊन एक झाली आहेत आणि जोडाची खूण आजही त्या गुणसूत्रावर दिसते. मानवाचे पूर्वज एका जोडप्याइतके नव्हे, हजारोंच्या संख्येने होते असेही जनुकांच्या विविधतेवरून दिसते.

मग आदाम कोण? काही धर्मशास्त्रज्ञ त्याला मानवजातीचा प्रतिनिधी मानतात, ज्याला देवाने एका विशिष्ट काळी नाते जोडण्यासाठी निवडले. काहींच्या मते आदाम म्हणजे प्रत्येक माणूस आणि एदेनची कथा म्हणजे प्रत्येकाच्या आज्ञाभंगाची कथा. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आदाम आणि ख्रिस्त यांची तुलना केली असल्याने हा वाद ख्रिस्ती धर्मात महत्त्वाचा आहे आणि तो अजून मिटलेला नाही. मृत्यू पापामुळे आला असे पौल म्हणतो, तर जीवाश्म सांगतात की माणसाच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून प्राणी मरत होते. पौलाला देवापासून तुटण्याचा, आत्मिक मृत्यू अभिप्रेत होता, असे उत्तर अनेकजण देतात. कोट्यवधी वर्षांची जीवघेणी धडपड प्रेमळ देवाने का चालू दिली, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. पण तो उत्क्रांतीने नव्याने निर्माण केलेला नाही, ईयोबाच्या पुस्तकाइतका तो जुना आहे.

रोमन कॅथलिक चर्चने या विषयावर सावकाश पावले टाकली. १९५० मध्ये पोप पायस बाराव्यांनी मानवी शरीराच्या उत्क्रांतीविषयी संशोधनाला मोकळीक दिली, मात्र आत्मा थेट देवापासून येतो हे मत कायम ठेवले. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांतीचा सिद्धांत आता निव्वळ गृहीतक राहिलेला नाही असे सांगितले. प्रोटेस्टंट मंडळ्यांत एक केंद्रीय अधिकार नसल्याने मते विखुरलेली आहेत. तरी बायबलच्या अचूकतेचा एकोणिसाव्या शतकातील कडवा पुरस्कर्ता बी. बी. वॉरफिल्ड उत्क्रांतीची शक्यता नाकारत नव्हता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

देवाचे प्रतिरूप असणे म्हणजे विशिष्ट शरीररचना असणे, असे उत्पत्ती म्हणत नाही. सृष्टीची काळजी वाहण्याची जबाबदारी आणि देवाशी संवाद साधण्याची पात्रता यांच्याशी ती कल्पना जोडलेली आहे. दुसऱ्या अध्यायात तर माणूस मातीतूनच घडतो. मातीतून उचललेल्या जीवाला हा मान मिळतो, यातच त्या कथेचे वैभव आहे आणि घडणीला एक क्षण लागला की कोट्यवधी वर्षे, याने ते कमी होत नाही.

विज्ञानाची आणि श्रद्धेची हद्द

मेळ घालताना दोन चुका वारंवार होतात. पहिली, विज्ञानाला अजून न सुटलेल्या कोड्यात देव बसवायचा. कोडे सुटले की देवाची जागा आक्रसते, म्हणून अशी श्रद्धा कायम माघार घेत राहते. दुसरी, विज्ञानाच्या ताज्या शोधाला बायबलचा पुरावा ठरवायचे. बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये प्रसरणशील विश्वाची आणि १९३१ मध्ये आदिम अणूची कल्पना मांडली. तिचेच पुढे महास्फोटाच्या सिद्धांतात रूपांतर झाले. १९५१ मध्ये पोपनी त्या सिद्धांतात देवाच्या निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नाच्या बाहेरचा आहे, आस्तिक आणि नास्तिक दोघांनाही तो तपासण्याची मोकळीक असावी, ही त्यांची भूमिका होती. श्रद्धा आणि विज्ञान दोन्हींचा मान राखण्याचा याहून स्वच्छ नमुना सापडणे कठीण.

विज्ञान घटनांची कारणे आणि काळ शोधते, आणि तपासणीत खोटे ठरले ते सोडून देते. विश्व मुळात का आहे, माणसाचे मोल कशात आहे, दुर्बलाला का जपावे, हे त्याच्या मापनात येत नाही. म्हणून विज्ञानाच्या नावाने देव नाही असे सिद्ध झाल्याचा दावा करणाराही आपली हद्द ओलांडतो. उत्पत्तीचे पुस्तक या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांना उत्तर देते. सृष्टी अपघाताने वाऱ्यावर सोडलेली नाही, ती चांगली आहे, माणूस तिचा राखणदार आहे, श्रमाला विसाव्याची मर्यादा आहे. या उत्तरांवर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रत्येकाच्या श्रद्धेचा भाग, पण पोटॅशियम आणि आर्गॉन मोजून ती खरी किंवा खोटी ठरत नाहीत.

खानदेशातील मंडळ्यांसाठी यातून काही करण्याजोग्या गोष्टी निघतात. रविवार शाळेत उत्पत्तीचे दोन्ही अध्याय शेजारी ठेवून शिकवले, तर मुलांना पुस्तकाचा हेतू लवकर उमगेल. पाळकांच्या प्रशिक्षणात भूविज्ञान आणि जीवविज्ञान यांची तोंडओळख असली, तर महाविद्यालयात जाणाऱ्या तरुणांच्या प्रश्नांचा त्यांना धाक वाटणार नाही. श्रद्धा आणि विज्ञान यांतून एकच निवड असे तरुणांना सांगितले, तर त्यातील अनेकजण विज्ञान निवडतील आणि श्रद्धा उगाच गमावतील, किंवा श्रद्धा निवडून पुराव्याकडे पाठ फिरवतील. दोन्ही नुकसाने टाळता येण्यासारखी आहेत. हिस्लॉप यांनी सकाळी उपदेश आणि दुपारी जीवाश्म अशी आयुष्याची दोन तुकड्यांत वाटणी केली नव्हती. जो देव सत्य आहे असे मानायचे, त्याच्या सृष्टीविषयीचे कोणतेही सत्य त्याच्या भक्ताला परके असू शकत नाही, या विश्वासातच दोन्ही कामे एकत्र राहू शकतात.